शेकाच्या डॉक्टरचा पत्ता

"शिस्टर, हितं आमच्या मेव्हण्याच्या साडूच्या वळखीचं एक डॉक्टर हाईत. नाव काय ध्यानात न्हाई. पर उंच हाईत."

असं विचारणाऱ्याला मी हसत नाही. मी सिस्टर नाही, हे त्याला पटवण्यात वेळ जातो, म्हणून तेही सांगत नाही. आणि उंच डॉक्टर कोण, हे मला ठाऊक असतं.

कोल्हापुरातल्या एका कॅन्सर रुग्णालयात, किरणोपचार विभागाच्या दाराशी माझं टेबल आहे. हुद्द्याचं नाव 'रुग्ण समन्वयक'. योजनेचे कागद, कार्ड, बिल हे सगळं शेजारच्या टेबलावर. माझ्याकडे फक्त माणसं. आलेल्या माणसाला बरोबर डॉक्टरपुढं नेऊन बसवायचं, आत काय होणार ते त्याच्या भाषेत सांगायचं, आणि उपचार अर्धवट टाकून तो पसार झाला तर त्याला शोधून परत आणायचं. शेवटचं काम नेमणुकीच्या पत्रात नव्हतं. पण कुणीतरी करायलाच लागतं.

आमच्या भागात आजारी पडल्यावर लोक आधी डॉक्टर शोधत नाहीत, पावणा शोधतात. पावणा त्याच्या पावण्याला विचारतो, तो त्याच्या गावच्या कंपाउंडरला, आणि अशी साखळी करत माणूस जिथं पोचतो तो त्याचा डॉक्टर. सर्दी-तापाला हे चालून जातं. कॅन्सरला अडचण अशी की, एक डॉक्टर पुरत नाही हेच साखळीतल्या कुणाला माहीत नसतं. मी टेबलाशी बसून दिवसातून कितीदा तरी तेच सांगते. एक डॉक्टर कापून काढतो. दुसरा सलाईनमधून औषध देतो. तिसरा किरणं देतो. कुणाला एकच लागतो, कुणाला दोन, कुणाला तिन्ही. पहिले दोन लोकांना ठाऊक असतात. तिसरा असतो हे बहुतेकांना माझ्या टेबलाशी आल्यावरच कळतं.

या तिसऱ्याला आमच्याकडे 'शेकाचा डॉक्टर' म्हणतात. शब्द चांगला आहे, पण त्यानं घोटाळे होतात. शेक म्हणजे भाजणार असं समजून पहिल्या दिवशी बायका स्वेटर माझ्याजवळ ठेवून आत जातात आणि आतल्या एसीत कुडकुडत बाहेर येतात. "झालं? कायच केलं न्हाई की!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मीच आधी म्हणून टाकते. किरण दिसत नाही, लागत नाही, तापत नाही. टेबलावर निजायचं, हलायचं नाही, मशीन भोवती फिरतं, काही मिनिटांत उठायचं. आठवड्यातले पाच दिवस, असे काही आठवडे. एका दिवसात काहीच होत नाही, सगळं मिळून होतं. म्हणून मधे खाडा चालत नाही. गाठीला सवड मिळाली की ती परत जोर धरते.

चांगला डॉक्टर ओळखायचा कसा, हेही लोक विचारतात. पहिला प्रश्न नेहमी मशीनचा. "हितलं मशीन लेटेस्ट हाय न्हवं?" ट्रॅक्टर घेताना विचारतात तसं. मी सांगते, मशीनचं नंतर बघा, आधी डॉक्टरला विचारा. आजार कुठवर पोचलाय? हा उपचार बरं करायला आहे की नुसता त्रास कमी करायला? कापावं लागेल का, आणि कापलं नाही तर काय? मधे काय काय होईल? आणि "आणखी एका डॉक्टरला दाखवून येऊ का?" असं विचारल्यावर जो तोंड वाकडं करत नाही, त्याच्याकडे परत या.

हे सगळं ऐकून घेऊन लोक शेवटी विचारतात, "डॉक्टर कुठल्या गावचं?"

एकदा आजऱ्याहून सात माणसं आली. जाडजूड फाईल, क्ष-किरणांची पाकिटं, सगळं होतं. पेशंट कोण म्हणून विचारलं तर एकमेकांकडे बघायला लागली. पेशंट होती त्यांची आई, आणि ती काजूच्या कारखान्यात कामाला गेली होती. "तिला सांगितलं न्हाई. सांगितलं तर हाय खाईल. तुम्ही फायलीवरनं सांगा की." फायलीला शेक देता येत नाही, आईला घेऊन या, असं सांगून मी सातही जणांना परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी आई आली, एकटी, एसटीनं. म्हणाली, "पोरं लई भित्यात वो. मला म्हाईत हाय कवाच." ती बाई आज ठणठणीत आहे, काजूही फोडते.

पण मला सांगायचंय ते तात्यांचं.

तात्या चौगुले हातकणंगल्याकडच्या एका खेड्यातले. थोडी शेती, दोन म्हशी, आणि मुख्य काम कोल्हापूरच्या मार्केट यार्डात. एका अडत दुकानात भाजीचे सौदे काढायचे. भाजीच्या ढिगापुढं उभं राहून बोली पुकारायची, वाढवायची, व्यापाऱ्यांना चिडवायचं, हसवायचं, आणि योग्य भावाला तोडायची. हे सगळं शेजारच्या चार सौद्यांच्या गलक्यावर आवाज चढवून. तात्यांचा आवाज यार्डाच्या फाटकापर्यंत ऐकू यायचा म्हणे. तात्या म्हणजे तो आवाजच. तो बंद झाला की दुकानाला दुसरा माणूस ठेवावा लागणार, एवढं साधं होतं.

संक्रांतीच्या सुमारास आवाज बसला. सौदे काढून घसा बसतोच, म्हणून ज्येष्ठमध चघळलं. मग सर्दी म्हणून काढा. बिडी चालूच होती. उन्हाळ्यात आवाज फाटका झाला तेव्हा घशाच्या डॉक्टरला दाखवलं. तुकडा काढून तपासला आणि स्वरयंत्रावरची गाठ कॅन्सरची निघाली. ते एका सर्जनकडे गेले. त्यांनी सांगितलं, ऑपरेशन करायचं तर स्वरयंत्र काढायची वेळ येऊ शकते. त्याआधी एकदा शेकाच्या डॉक्टरांचं मत घ्या.

त्यानुसार आषाढात ते माझ्या टेबलापुढं आले. तिघं होते. तात्या, मिशा मोठ्या, हनुवटी गुळगुळीत. त्यांचे व्याही शामराव आप्पा, पांढरी टोपी, खिशाला पेन. आणि पिशवी धरून दाराशी उभ्या तात्यांच्या बायको, मालनकाकू.

बोलले आप्पाच. "शिस्टर, आपरेशन तर ठरलंय. ते डॉक्टर म्हनले हितं बी दाखवा, म्हनून आलो. म्याडमचं एक 'हरकत न्हाई' घ्यायचं आन् जायचं."

"हरकत असली तर?"

"कशी आसल? रोग मुळातनं उपटायचा तर कापाय पायजेच की. आमच्या बैलाच्या शिंगाला झालता क्यान्सर. शिंग काढलं मुळातनं. बैल त्याच्यावर आठ वरसं जगला."

"बैलाला सौदा काढायचा नव्हता, आप्पा," मी म्हणाले.

तात्यांच्या मिशा हलल्या. ते हसत होते. आवाज निघाला नाही, नुसती हवा.

आमच्या मॅडमनी, म्हणजे शेकाच्या डॉक्टरांनी, तात्यांना तपासलं. नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरयंत्र बघितलं, फोटो बघितले, मग खुर्ची पुढं ओढून बसल्या. गाठ आहे, पण लहान आहे, गळ्यात बाहेर पसरलेली नाही. किरणांनी जाण्याची चांगली शक्यता आहे. गेली तर स्वरयंत्र जागेवर राहील. नाही गेली, किंवा परत आली, तर ऑपरेशनचा मार्ग तेव्हाही मोकळा आहे. बिडी मात्र आजपासून बंद.

"आवाज ऱ्हाईल?" तात्यांनी विचारलं. त्या खोलीत ते पहिल्यांदाच बोलले. दाराला पॉलिशपेपर घासावा तसा आवाज.

"बहुतेक राहील. थोडा जाडसर होईल. पण लिहून देत नाही."

"सौद्यात बी कोन लिहून देत न्हाई," तात्या म्हणाले.

आप्पांना एवढ्यानं पटण्यासारखं नव्हतं. त्यांनी ठरलेला प्रश्न काढला. "म्याडम, गाव कंचं आपलं?" मॅडम गडहिंग्लजकडच्या. "आन् आईचं म्हायार?" मॅडमनी तेही सांगितलं. मी बाहेरच्या रांगेकडे बघून घड्याळ दाखवलं, पण मॅडम अशा वेळी घाई करत नाहीत. आप्पांनी डोळे मिटून हिशोब घातला आणि उघडले तेव्हा चेहरा उजळला होता. "म्हंजे आमच्या धाकट्या मेव्हणीच्या चुलत जावंच्या गावच्या! आवं, मग घरच्याच की तुम्ही!"

तरी मी त्यांना मिरजेच्या आणखी एका शेकाच्या डॉक्टरचा पत्ता दिला. माझी ती पद्धत आहे. कापायचं की नाही अशा फाट्यावर उभ्या माणसाला मी दुसरं मत घेतल्याशिवाय मशीनवर निजू देत नाही. ते जाऊन आले. तिथंही तेच सांगितलं होतं. आप्पा मला बाजूला घेऊन म्हणाले, "दोन डॉक्टर आन् दोगं बी येकच बोलत्यात. कायतरी साटंलोटं हाय काय वो?"

"आप्पा, वेगवेगळं बोलले असते तर?"

"मग तर कायच खरं नव्हतं."

शेक सुरू करण्याआधी घशाच्या पेशंटचा साचा करतात. प्लास्टिकची जाळीदार शीट असते. गरम पाण्यात घातली की पापडाच्या लाटीसारखी मऊ पडते. ती चेहऱ्यावरून खांद्यापर्यंत पसरायची, निवली की त्या माणसाच्या तोंडाच्या आकाराची कडक होते. रोज निजवल्यावर तो साचा चेहऱ्यावर बसवून टेबलाला अडकवतात, म्हणजे माणूस हलत नाही आणि किरण रोज त्याच जागी पडतो. हे काम नसीमाचं. नसीमा मुजावर आमची तंत्रज्ञ, राहायला हातकणंगल्यालाच. तिनं मिशा सावरून तात्यांचा साचा घेतला आणि बजावलं, "शेकाच्या जागी ब्लेड लावायचं नाही, कातडं नाजूक होतं. मशीननं दाढी करा. आणि काका, वजन कमी करायचं नाही. साचा ढिला पडतो."

तात्यांनी मान डोलवली. काकूंनी पिशवीतून डबा काढून मला दाखवला, म्हणजे खाण्याची काळजी नको. एवढं झाल्यावर आम्ही सगळ्याच निर्धास्त झालो. श्रावण तोंडावर आलाय, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

सुरुवात चांगली झाली. तात्या सकाळी यार्डात जायचे, दुसरा माणूस सौदे काढायचा त्याच्या शेजारी उभे राहायचे, आणि तिथून शेकाला यायचे. मग श्रावण लागला. आमच्याकडे पुष्कळ पुरुष श्रावणभर केसांना, दाढीला कात्री-वस्तरा लावत नाहीत. तात्यांनी तर जन्मात कधी श्रावण मोडला नव्हता. गंमत अशी की, शेकाच्या जागचे गळ्यावरचे केस आपोआप गळत होते आणि हनुवटी, गाल मात्र दाढीनं भरून येत होते. साचा घट्ट व्हायला लागला. एक दिवस नसीमा बाहेर आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

"साचा बसत नाही. दाबून बसवला तर हनुवटी वर जाते आणि गळा सरकतो. निजवल्यावर काढलेला फोटो पहिल्या फोटोशी जुळत नाही. मॅडमनी आज थांबवलंय. काकांना दाढी करायला सांगा."

मी सांगितलं. तात्यांनी दोन्ही हात जोडून वर आकाशाकडे केले आणि मान नाही म्हणून हलवली.

तेव्हा ते बोलतच नव्हते. आवाज साफ गेला होता. तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला तसं होतंच. आतून घसा सोलवटतो, गिळताना डोळ्यांत पाणी येतं, आवाज जातो. उपचार संपल्यावर तो हळूहळू परत येतो. हे मॅडमनी सांगितलं होतं, मीही सांगितलं होतं. पण सांगितलेलं आणि झालेलं यात फरक असतो. आप्पांनी माझ्या टेबलावर मूठ आपटली. "व्हता तेवडा बी आवाज गेला! रोग घालवाय आलतो का आवाज? आन् आता देवाचं बी मोडाय सांगताय!"

मॅडमनी दाढीवरूनच नवा साचा घेऊ म्हटलं. नसीमा म्हणाली, घेऊ की, पण दाढी वाढतच राहणार, आठवड्यानं तोही बसायचा नाही. तिचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी काय करायचं ते ठरवायला या, असं सांगून त्यांना पाठवलं. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. फोन केला तर आप्पांनी उचलला.

"श्रावन सरला की येतो."

"आप्पा, तेवढ्या दिवसांत आत्तापर्यंतचं सगळं वाया जाईल."

"बघू," म्हणाले आणि फोन ठेवला.

'बघू' या शब्दाची मला धास्ती आहे. कुरुंदवाडचे एक शिंपी होते, गालात गाठ. निम्मा उपचार झाल्यावर मुलीच्या लग्नासाठी म्हणून गेले. येतो म्हणाले, बघू म्हणाले. लग्न झालं, पाठवणी झाली, पावणेरावळे झाले आणि ते आले तेव्हा मॅडमच्या हातात वेदना कमी करण्यापलीकडे काही उरलं नव्हतं. मला त्यात काही करता आलं असतं असं नाही. मी फोन केले होते. पण तेव्हापासून मी फोनवर थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी मार्केट यार्डात गेले. स्कूटी फाटकाशी लावली आणि टोमॅटोच्या क्रेटांतून वाट काढत त्यांचं दुकान गाठलं. एक तरुण माणूस सौदा काढत होता. आवाज बरा होता, पण पुकारा सपाट. व्यापारी एकमेकांशी बोलत होते, कुणी वर बघत नव्हतं. शेजारी तात्या उभे, गळ्याला मफलर, दाढी वाढलेली, डोळे व्यापाऱ्यांच्या हातांवर. कुणी बोट हलवलं की तात्या त्या तरुणाला कोपरानं ढोसायचे. त्याला ते कळायचं तोवर बोली निघून गेलेली असायची. तात्यांचा जबडा हलताना मला दिसत होता. तोंडातल्या तोंडात सगळा सौदा तेच काढत होते.

मी पुढं झाले. "तात्या, उभं राहून बघायची सवय करताय काय? कारण असंच बघत राहावं लागेल."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, आता हा माणूस मला यार्डातून हाकलणार. मग दाढीवर हात ठेवला, वर बोट केलं, आणि ते बोट वळवून गावाच्या दिशेनं दाखवलं. छातीवर हात ठेवून मान नाही म्हणून हलवली.

"म्हणजे तुमच्या हातात नाही?"

मान हलली. होय.

"घरात विचारू?"

होय.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की, इतक्या दिवसांत आम्ही तात्यांशी बोललो, आप्पांशी भांडलो, मिरजेच्या डॉक्टरांशी बोललो. मालनकाकूंना कुणीच काही विचारलेलं नव्हतं. त्या रोज दाराशी पिशवी धरून उभ्या होत्या.

दुपारी पाळी संपल्यावर नसीमा म्हणाली, "माझ्या वाटेवरच गाव आहे, चला." माझ्या स्कूटीवर दोघी गेलो. मालनकाकू गोठ्यात म्हशीला आंबोण घालत होत्या. आम्हाला बघून दचकल्या नाहीत. "या," म्हणाल्या, आणि घमेलं खाली ठेवलं. तात्या ओट्यावर बसलेले. आप्पाही होते. व्याह्याकडे त्यांचा मुक्कामच पडलेला दिसत होता.

मी फिरवून बोलत नाही. "काकू, दाढी झाल्याशिवाय साचा बसत नाही. साचा बसल्याशिवाय शेक नाही. शेक थांबला तर गाठ परत वाढेल, आणि मग स्वरयंत्र काढावं लागेल. मग आवाज श्रावणातही नाही आणि नंतरही नाही."

आप्पा म्हणाले, "आवं पर परंपरा..."

"पावणं, तुमी च्या घ्या," काकू म्हणाल्या. आवाज चढवला नाही. आप्पा मागं सरकून बसले. चहा अजून ठेवलाही नव्हता.

मग काकू आम्हाला म्हणाल्या, "ह्यास्नी दरसालचा श्रावन हायच. पर औंदा मी नवस बोललोय. ह्यांचा आवाज येऊ दे, श्रावनात ह्यांच्या केसाला हात लावू देनार न्हाई. म्हनून ते बसल्यात. माझ्या शब्दासाठी."

तात्या जमिनीकडे बघत होते.

नसीमा ओट्याच्या कडेला टेकली. "काकू, आमच्यात आजारी माणसाला रोजा माफ असतो. बरा झाल्यावर धरायचा. नाहीच जमलं तर दुसरं काही करायचं. तुमच्यात नसतं व्हय असं?"

"असतंय की."

"मग?"

"सूट द्यायची कुनी?" काकूंनी विचारलं. विचारताना त्या आमच्याकडे नाही, म्हशीकडे बघत होत्या. म्हशीनं घमेल्यात तोंड घातलेलं, तिला काही पडलं नव्हतं. मी बोलणार होते, नसीमानं माझा हात दाबला.

"नवस माझा," काकू म्हणाल्या. "मग त्याचं ओझं ह्यांच्या दाढीवर कशाला? देवाला माझं काय द्यायचं ते मी दीन. श्रावनभर पायात चप्पल घालनार न्हाई. झालं?" हे शेवटचं त्यांनी वर आकाशाकडे बघून विचारलं. उत्तराची वाट बघितली नाही. "सखाराम न्हाव्याला हाक मारा वो कुनीतरी."

सखाराम श्रावणात मोकळाच होता. पेटी घेऊन आला आणि तात्यांना बघून दारातच थबकला. "तात्या, श्रावनात?"

"गप कर," काकू म्हणाल्या.

त्यानं सवयीनं वस्तरा काढला. नसीमा ओरडली, "वस्तरा नाही! मशीन." मग त्यानं फेस काढला. "फेस नाही." मग तुरटी. "तुरटी तर अजिबात नाही!" सखाराम वैतागला. "बाई, मग मला कशाला बोलीवलं? तुमीच करा की." शेवटी कोरड्या कातड्यावर हलक्या हातानं मशीन फिरलं. नसीमा शेजारी वाकून उभी, हनुवटीवर बोट ठेवून इथं राहिलंय, तिथं राहिलंय सांगत. अंगणात शेजारपाजारची माणसं जमली होती. तात्यांच्या गालावरून पाणी ओघळलं. ते घशाच्या दुखण्यानं असेल. मी चौकशी केली नाही.

दुसऱ्या दिवशी साचा बसला. फोटो जुळला. चुकलेल्या दिवसांचा हिशोब मॅडमनी पुढं जुळवून घेतला. काकू अनवाणी यायच्या. आमच्या गुळगुळीत फरशीवर त्यांच्या पायांचे चिखलाचे ठसे उमटायचे आणि सफाईची मावशी माझ्याकडे तक्रार करायची. मी तिला सांगितलं, श्रावणापुरतं पूस बाई, कुरकुर न करता.

शेक संपला. लोकांना वाटतं शेवटच्या दिवशी माणूस बरा होऊन बाहेर पडतो. तसं होत नाही. शेवटच्या दिवशी माणूस सगळ्यात वाईट दिसतो. तात्यांचा गळा काळा पडला होता, आवाज शून्य. आप्पा मला म्हणाले, "ह्याला म्हनायचं का इलाज?" मी म्हणाले, "थांबा." माझ्या नोकरीत मी सगळ्यात जास्त वापरलेला शब्द हाच असावा.

दसऱ्याला काकूंचा फोन आला, कुजबुजल्यासारखं बोलायला लागलेत. दिवाळीत म्हणाल्या, म्हशीला हाक मारली, म्हशीनं मान वळवली. मी मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, म्हशीचा अहवाल चांगला आहे, पण मला दुर्बीण घालू दे.

संक्रांत झाल्यावर ते तपासणीला आले. तिघं तसेच. काकूंच्या पायात नवी चप्पल. आत बराच वेळ गेला. मी बाहेर दुसऱ्या पेशंटला आत काय होतं ते समजावत होते, पण अर्धं लक्ष दाराकडे होतं. दार उघडलं, मॅडम डोकावल्या, माझ्याकडे बघून मान हलवली आणि परत आत गेल्या. गाठ दिसत नव्हती. पुढची काही वर्षं येऊन दाखवत राहायचं, एवढंच.

आप्पा तात्यांच्या मागून बाहेर आले आणि माझ्या टेबलावर हात टेकून म्हणाले, "शिस्टर, मी पयल्यापास्नं म्हनत हुतो. कापाय नगो."

मी "होय, आप्पा" म्हणाले. पावण्याचा मान ठेवावा लागतो.

तात्या कॉरिडॉरच्या मधोमध उभे राहिले. खिशातून फोन काढला, यार्डातल्या दुकानाला लावला, आणि अडतवाला हॅलो म्हणायच्या आत सुरू झाले. आवाज पूर्वीचा नव्हता म्हणे. मी पूर्वीचा ऐकलेला नाही. हा जाडसर होता, कडेला थोडा खरखरीत, आणि रांगेतल्या शेवटच्या बाकापर्यंत सहज पोचत होता.

"आरं साफ हाय म्हनल्या म्याडम! साफ! व्हय!"

रांगेतली माणसं वळून बघायला लागली. एक म्हातारी हसली. आतलं दार उघडून नसीमा बाहेर आली. "तात्या, हळू! दवाखाना आहे. आत पेशंट निजलाय."

भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी आहे, आणि ती पाळायला लावणं हेही माझंच काम आहे. मी ड्रॉवर उघडला आणि त्यात काहीतरी शोधायला लागले.

तात्यांनी ओशाळून आवाज खाली आणला, फोन तोंडाजवळ घेतला. मालनकाकू नसीमाकडे वळल्या.

"बोलू द्या की वो त्यास्नी जरा."

नसीमानं माझ्याकडे बघितलं. मी वर बघितलं नाही. तिनं दार लावून घेतलं, आतून, नीट, कडीसकट.

"आरं ऐक!" तात्या म्हणाले, पुन्हा सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं. "उद्या टमाट्याचा सौदा मी काढनार! त्या पोराला म्हनावं, शेजारी हुबा ऱ्हा आन् बघ!"